मूत्रपिंडातील अबोल व्रण

नाशिक शहरातून दिंडोरी रस्त्याने निघाले की म्हसरूळ लागते. तेथे गजपंथ तीर्थाचा डोंगर आहे आणि त्याच परिसरात १९९८ साली स्थापन झालेले महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठही आहे. सुटीच्या दिवशी सहकुटुंब दर्शनाला आलेली मंडळी डोंगराच्या पायऱ्या चढत असतात. नातवंडे पुढे पळतात, आजी-आजोबा विसावा घेत येतात. मधल्या पिढीतला, पन्नाशीच्या आसपासचा एखादा गृहस्थ अर्ध्या वाटेवर थांबतो, श्वास घेतो आणि ‘आता वय झाले’ असे म्हणून हसतो. संध्याकाळी त्याच्या घोट्यांवर सूज दिसते. ती दिवसभराच्या चालण्याची मानली जाते. दुसऱ्या दिवशी दुकान उघडायचे असते. विषय तेथेच संपतो.

बहुतेकांच्या बाबतीत हे म्हणणे खरेही असते. काहींच्या बाबतीत मात्र त्या दम लागण्यामागे आणि सुजेमागे दहा-पंधरा वर्षे चाललेली एक घडामोड असते. मूत्रपिंडातील अतिसूक्ष्म नलिकांच्या भोवती जखमेच्या खुणेसारखी कठीण, तंतुमय ऊती थरावर थर साठत गेलेली असते. मूत्रमार्गात खडा अडकला तर माणूस कळवळतो. पण हा आतला व्रण साठत असताना काहीच दुखत नाही. लघवी होत राहते, भूक लागत राहते, व्यवहार चालू राहतो. जेव्हा शरीर प्रथम तक्रार करते तेव्हा मूत्रपिंडाची बरीचशी शक्ती खर्ची पडलेली असते. जगभरात सुमारे ८५ कोटी लोकांना मूत्रपिंडाचा काही ना काही विकार असल्याचा अंदाज आहे, आणि त्यांतील फार मोठ्या संख्येला त्याची कल्पना नाही.

हा व्रण कसा निर्माण होतो, नलिकेतील पेशी कोणता संदेश पाठवते आणि तो संदेश वेळेवर का थांबत नाही, याचा शोध गेली चार दशके चालू आहे. त्या शोधातून जे हाती आले त्याचा संबंध घरातल्या औषधांच्या डब्याशी, पानातल्या मिठाशी आणि तपश्चर्येच्या दिवसांशीही पोहोचतो.

नलिकेचे काम

दोन्ही मूत्रपिंडांत मिळून साधारण २० लाख नेफ्रॉन असतात. प्रत्येक नेफ्रॉनच्या आरंभी केशवाहिन्यांचा एक गुच्छ असतो; ती गाळणी. तिच्यापुढे वळणे घेत जाणारी नलिका असते. गाळणीतून दिवसाकाठी सुमारे १८० लिटर द्रव नलिकांत उतरतो. शरीराबाहेर जाते ते मूत्र मात्र सुमारे दीड लिटर. मधले सारे पाणी, मीठ, साखर आणि इतर उपयुक्त द्रव्ये नलिकेच्या भिंतीतील पेशी परत उचलतात आणि रक्ताच्या स्वाधीन करतात. व्यापाऱ्याच्या भाषेत सांगायचे तर उलाढाल १८० लिटरची आणि निव्वळ घट दीड लिटरची; मधला सगळा हिशेब या पेशी दिवसरात्र जुळवत असतात.

ही भिंत केवळ एका पेशीइतकी जाड असते. तिच्या पहिल्या भागातील पेशींना सर्वाधिक श्रम पडतात. म्हणून त्यांच्यात ऊर्जा निर्माण करणारी मायटोकाँड्रिया खच्चून भरलेली असतात, आणि त्या मुख्यतः मेदाम्ले जाळून आपली शक्ती मिळवतात. एवढे काम आणि एवढी भूक असणारी पेशी साहजिकच नाजूक असते. रक्तपुरवठा थोडा कमी झाला, रक्तातून विषारी द्रव्य आले, गाळणी सैल होऊन प्रथिने नलिकेत उतरू लागली, किंवा रक्तातील साखर वर्षानुवर्षे चढी राहिली, तर पहिला आघात तिच्यावर होतो.

दोन दुर्घटना, एकच पेशी

हा आघात दोन प्रकारे होतो, आणि दोन्ही प्रकारांची नोंद इतिहासात आहे. त्यांतील पहिली महाराष्ट्रातलीच आहे. १९८६ च्या प्रारंभी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १४ रुग्ण दगावले. त्यांना औषध म्हणून दिलेल्या ग्लिसरीनमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल हे औद्योगिक उपयोगाचे विषारी द्रव्य मिसळलेले होते. दिसायला दोन्ही सारखीच: रंगहीन, दाट, गोडसर. न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांच्या आयोगाने या प्रकरणाची चौकशी केली आणि औषध खरेदीच्या साखळीतील दोष उघड्यावर आले. हे विष नलिकेतील पेशींना थेट मारते. काही दिवसांतच मूत्रपिंडे बंद पडतात. हा झाला एका फटक्यात होणारा आघात.

दुसरी नोंद बेल्जियममधील आहे. १९९० च्या सुमारास ब्रुसेल्स परिसरात वजन कमी करण्यासाठी वनौषधींच्या गोळ्या घेणाऱ्या स्त्रियांमध्ये मूत्रपिंडाचा एक चमत्कारिक विकार दिसू लागला. वयाने तरुण, मधुमेह नाही, रक्तदाबाचा इतिहास नाही, तरीही मूत्रपिंडे आक्रसून निकामी होत होती. व्हानहेर्वेगेम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली याचे वर्णन प्रसिद्ध केले. शोध घेतला तेव्हा मूळ चूक मालाची निघाली. गोळ्यांत स्टेफानिया नावाच्या चिनी वनस्पतीची मुळी असायला हवी होती. चिनी भाषेतील नाम-साधर्म्यामुळे तिच्या जागी ॲरिस्टोलोकिया या वंशातील मुळी आली होती. पोत्यावरचे नाव जवळजवळ तेच, मुळीही दिसायला तशीच. शंभराहून अधिक स्त्रियांना त्याची किंमत मोजावी लागली. आपल्याकडची ईश्वरमूळ ही वनस्पतीही याच ॲरिस्टोलोकिया वंशातील आहे. ‘वनस्पतीचे आहे, म्हणजे अपाय नाही’ हा समज किती महाग पडू शकतो, हे या प्रकरणाने जगाला शिकवले. ज्यांच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या मालाची पारख करण्याचा व्यवसाय आहे, त्यांना या दोन्ही घटनांचा अर्थ वेगळा समजावून सांगण्याची आवश्यकता नाही.

ब्रुसेल्समधील रुग्णांच्या मूत्रपिंडांचे नमुने सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले तेव्हा गाळण्या तुलनेने शाबूत होत्या. नलिका मात्र विरल झाल्या होत्या आणि त्यांच्या मधल्या जागेत कोलॅजेनचे दाट जाळे पसरले होते. काही रुग्णांत तर गोळ्या थांबवल्यानंतरही व्रण वाढतच राहिला. आघात संपला तरी दुरुस्ती संपली नाही, आणि दुरुस्तीनेच अवयव गिळून टाकला. मधुमेह आणि रक्तदाब यांमुळे होणारी हानीही शेवटी याच वाटेने जाते. प्रारंभ कोठूनही होवो, मूत्रपिंड किती टिकेल हे बऱ्याच अंशी नलिकांभोवतीच्या या तंतुमय व्रणावर ठरते.

संदेश कसा पोहोचतो

बोट कापले की त्वचा भरून येते, कारण जखमी पेशी आसपासच्या पेशींना दुरुस्तीचा निरोप धाडतात. मूत्रपिंडातही तेच घडते. या निरोपांतील सर्वांत प्रभावी रेणू म्हणजे टीजीएफ-बीटा. अमेरिकेतील बेथेस्डा येथील राष्ट्रीय कर्करोग संस्थेत अनिता रॉबर्ट्‌स आणि मायकेल स्पॉर्न यांनी १९८० च्या दशकात त्याची ओळख पटवली. ते कर्करोगाचा अभ्यास करीत होते. हाती लागला तो जखम भरण्याचा मुख्य सूत्रधार. नवजात उंदरांच्या त्वचेखाली हा रेणू टोचला असता तेथे तंतुमय ऊती तयार होते, असे त्यांना १९८६ साली आढळले.

टीजीएफ-बीटा पेशींच्या बाहेर कुलूपबंद अवस्थेत साठवलेला असतो. नलिकेतील पेशीला इजा झाली की तिच्या पृष्ठभागावर इंटेग्रिन जातीचे एक प्रथिन वाढते आणि ते हे कुलूप उघडते. मोकळा झालेला रेणू पेशीच्या पृष्ठभागावरील ग्राहीला जाऊन चिकटतो. ग्राही म्हणजे दारावरचा पहारेकरी. तो स्वतः आत जात नाही. आतील स्मॅड-२ आणि स्मॅड-३ या प्रथिनांवर फॉस्फेटचा शिक्का उमटवतो. शिक्का मिळालेली ही प्रथिने स्मॅड-४ ला सोबत घेऊन पेशीच्या केंद्रकात शिरतात आणि ठरावीक जनुके जागी करतात. मग कोलॅजेन तयार होऊ लागते. पेढीच्या दारात आलेली चिठ्ठी शिक्का मारून आतल्या खोलीतील मुनीमजींच्या हाती पडावी आणि त्याबरहुकूम माल सुटावा, तसा हा व्यवहार आहे.

या व्यवहाराला लगामही आहे. ज्या संदेशाने कोलॅजेनची जनुके जागी होतात, त्याच संदेशाने स्मॅड-७ हे प्रथिनही तयार होते आणि ते दारावरच्या ग्राहीलाच अडवते. काम पुरे झाले की पुढची चिठ्ठी स्वीकारली जात नाही. निरोगी शरीरातील जखम म्हणूनच ठरावीक वेळी भरते आणि भरणे थांबते. सतत आघात सोसणाऱ्या मूत्रपिंडात मात्र हे स्मॅड-७ पेशीतच नष्ट केले जाते. लगाम तुटतो. संदेश येतच राहतात, माल सुटतच राहतो, आणि नलिकांच्या मधली नाजूक जागा कोलॅजेनने भरून जाते. तेथील केशवाहिन्या दबतात, रक्त कमी पोहोचते, त्यामुळे आणखी पेशी जखमी होतात, आणि त्या पुन्हा तोच निरोप धाडतात.

पेशी फितूर होते काय?

हे कोलॅजेन नेमके विणते कोण, या प्रश्नावर संशोधकांमध्ये दीर्घ वाद झाला. हार्वर्डच्या एलिझाबेथ हे यांनी १९८० च्या दशकात दाखवले होते की एकमेकींना चिकटून भिंत बांधणाऱ्या पेशी विशिष्ट परिस्थितीत आपले रूप टाकतात, लांबट होतात आणि हिंडू लागतात. गर्भावस्थेत अवयव घडताना हे नित्याचे असते. मूत्रपिंडाच्या नलिका तर गर्भात याच्या उलट क्रमाने घडतात: विखुरलेल्या पेशी एकत्र येतात आणि त्यांची भिंत होते. मग जखमी नलिकेतील पेशी पुन्हा त्या बालरूपाकडे वळत असेल काय?

१९९५ साली फिलाडेल्फिया येथे फ्रँक स्ट्रुट्‌झ, एरिक नीलसन आणि सहकाऱ्यांना व्रणग्रस्त मूत्रपिंडातील नलिकांच्या पेशींत तंतुजनक पेशींची खूण असलेले प्रथिन आढळले. २००२ साली नीलसन यांच्याच गटाने उंदरांवरील प्रयोगातून असे मांडले की व्रण विणणाऱ्या पेशींपैकी सुमारे एक तृतीयांश पेशी नलिकेतून निघून आलेल्या असतात. चित्र स्पष्ट वाटू लागले: घराची भिंत सांभाळणारी पेशीच घर सोडून जाते आणि घराला वेढा घालते.

आठ वर्षांनी, २०१० साली, बॉस्टनमध्ये बेंजामिन हम्फ्रीज आणि सहकाऱ्यांनी नलिकेतील पेशींना कायमची खूण करून पुन्हा पाठपुरावा केला. त्यांना वेगळेच दिसले. खूण केलेल्या पेशी नलिकेबाहेर गेल्याच नव्हत्या. कोलॅजेन विणणाऱ्या पेशी केशवाहिन्यांच्या भोवती राहणाऱ्या पेशींतून आल्या होत्या. त्याच वर्षी बॉस्टनमधीलच जोसेफ बॉनव्हेंटर यांच्या गटाने दाखवले की जखमी नलिकेतील काही पेशी विभाजनाच्या अर्ध्या वाटेवर अडकून पडतात, आणि अडकलेल्या अवस्थेत टीजीएफ-बीटासारखे निरोप सोडत राहतात.

२०१५ साली दोन स्वतंत्र गटांनी, स्पेनमधील अँजेला निएतो आणि अमेरिकेतील रघु कल्लुरी यांच्या सहकाऱ्यांनी, या दोन बाजू जुळवल्या. टीजीएफ-बीटाच्या आज्ञेने नलिकेतील पेशीत स्नेल नावाचे प्रथिन जागे होते. त्यामुळे पेशींना एकमेकींशी बांधून ठेवणारी प्रथिने कमी होतात, आणि पेशी आपले नेहमीचे काम, म्हणजे पाणी-मीठ-साखर परत उचलण्याचे काम, सोडू लागते. ती बदलते, पण अर्धवट. आपली जागा ती सोडत नाही. भिंतीतच राहून शेजारच्या पेशींना कोलॅजेन विणण्याचे निरोप देत राहते. उंदरांत हे स्नेल रोखले असता व्रण कमी झाला. याच वर्षी कातालिन सुस्ताक यांच्या गटाने आणखी एक दुवा जोडला: अशा पेशींची मेदाम्ले जाळण्याची क्षमता मंदावलेली असते. उपाशी कामगार काम टाकून बसावा, तशी ती बसते.

वीस वर्षांचा हा वाद केवळ विद्वानांचा नव्हता. पेशी घर सोडून गेली असती तर तिला परत आणण्याची आशा फारशी राहिली नसती. ती अजून आपल्या जागीच आहे, केवळ कामापासून ढळली आहे, असे म्हटले की उपचाराला वाव राहतो. मात्र तो वाव नलिका शाबूत आहेत तोवरचाच. नलिका नष्ट होऊन तेथे जुनाट, घट्ट व्रण झाला की तो विरघळवून टाकणारे औषध आजच्या नित्य उपचारांत नाही.

लगाम पुन्हा कसा लावायचा

टीजीएफ-बीटालाच सरसकट रोखावे, हा विचार सहज सुचतो. तो करून पाहण्यात आला. पण हाच रेणू शरीरातील दाह शमवतो आणि नव्याने उद्भवणाऱ्या कर्करोगालाही आळा घालतो. ज्या उंदरांत तो जन्मतःच नसतो ते प्रचंड दाहाने काही आठवड्यांतच मरतात. मधुमेही मूत्रपिंडविकाराच्या रुग्णांना टीजीएफ-बीटाविरोधी प्रतिपिंड देऊन पाहिले असता मूत्रपिंडाचा ऱ्हास मंदावला नाही. त्या चाचणीचे निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाले.

यश मिळाले ते संदेशाच्या मुळाशी जाणाऱ्या औषधांना. रक्तदाब वाढवणारे अँजिओटेन्सिन हे द्रव्य मूत्रपिंडात टीजीएफ-बीटाही वाढवते. त्याला रोखणाऱ्या कॅप्टोप्रिलने मधुमेही रुग्णांचा मूत्रपिंडविकार मंदावतो, हे १९९३ साली सिद्ध झाले. लोसार्टनसारख्या औषधांविषयी तशीच खात्री २००१ साली पटली. त्यानंतरचा मोठा टप्पा नलिकेच्या पेशीतच आहे. या पेशीत साखर परत उचलणारे एक प्रथिन असते. ते रोखले की साखर मूत्रावाटे जाते, गाळणीवरचा दाब उतरतो आणि पेशीचे श्रम हलके होतात. या कल्पनेचा उगम सफरचंदाच्या झाडाच्या सालीत आहे: १८३५ साली तिच्यातून फ्लोरिझिन हे द्रव्य वेगळे काढले गेले होते. त्याच वाटेने आलेल्या कॅनाग्लिफ्लोझिन, डापाग्लिफ्लोझिन आणि एम्पाग्लिफ्लोझिन या औषधांच्या मोठ्या चाचण्या २०१९ ते २०२३ या काळात प्रसिद्ध झाल्या. मूत्रपिंडाचा ऱ्हास त्यांनी मंदावला. त्यांतील शेवटच्या दोन औषधांचा लाभ मधुमेह नसलेल्या रुग्णांनाही झाला. भारतात आता यांची स्वस्त रूपेही मिळतात. ही औषधे कोणाला द्यायची, किती द्यायची आणि कोणाला द्यायची नाहीत, हा निर्णय अर्थातच वैद्यकीय सल्लागाराचा आहे.

या संशोधनाची एक बाजू अहिंसाव्रती मनाला खुपल्यावाचून राहत नाही. नलिकांच्या व्रणाविषयीचे बरेचसे ज्ञान उंदरांची मूत्रवाहिनी बांधून केलेल्या प्रयोगांतून आले आहे. ही वस्तुस्थिती लपवण्याचे कारण नाही. त्याबरोबर हेही नोंदवायला हवे की २०१५ पासून मानवी मूलपेशींतून प्रयोगशाळेत मूत्रपिंडाची सूक्ष्म प्रतिरूपे वाढवता येऊ लागली आहेत आणि त्यांतील नलिकांवर औषधे तपासली जात आहेत. नव्या औषधासाठी प्राण्यांवरील चाचणीची सक्ती अमेरिकेने २०२२ च्या अखेरीस कायद्यातून काढली. भारताच्या औषध चाचणी नियमांनीही २०२३ साली प्राण्यांविना होणाऱ्या पद्धतींना जागा दिली. वाट लांब आहे, पण दिशा योग्य आहे.

घरातला हिशेब

मूत्रपिंड बोलत नाही, म्हणून त्याला विचारावे लागते. त्यासाठी दोन साध्या चाचण्या आहेत. पहिली रक्तातील क्रिएटिनिनची. त्यावरून, वय आणि लिंग लक्षात घेऊन, ई-जीएफआर हा आकडा काढतात. तो तीन महिन्यांहून अधिक काळ ६० च्या खाली राहिला तर विकार जुनाट समजला जातो. केवळ क्रिएटिनिनच्या आकड्यावर समाधान मानू नये. मूत्रपिंडांची निम्मी शक्ती गेली तरी तो वरकरणी सामान्य दिसू शकतो. दुसरी चाचणी मूत्रातील अल्ब्युमिन आणि क्रिएटिनिन यांच्या प्रमाणाची. हे प्रमाण दर ग्रॅमला ३० मिलिग्रॅमच्या वर वारंवार आढळले तर गाळणी सैल झाली आहे आणि नलिकेतील पेशींवर प्रथिनांचा मारा सुरू झाला आहे, असे समजावे. मधुमेह किंवा रक्तदाब असलेल्यांनी, आणि ज्यांच्या घरात पूर्वी कोणाला मूत्रपिंडाचा विकार झाला आहे त्यांनी, या दोन्ही चाचण्या वर्षातून एकदा करून घ्याव्यात. संदेश सुरू झाल्याची ही सर्वांत पहिली, हातात घेता येण्यासारखी खूण आहे.

गादीवर बसून दिवस काढणाऱ्या व्यापाऱ्याला पाठदुखी, गुडघेदुखी, डोकेदुखी नवीन नसते. वेदनाशामक गोळी शेजारच्या औषध दुकानातून आणून, गरज पडेल तशी वर्षानुवर्षे घेतली जाते. अशा अनेक गोळ्या मूत्रपिंडाचा रक्तप्रवाह कमी करतात. रक्तदाबाची औषधे, मूत्रल औषधे आणि वेदनाशामक गोळ्या एकत्र आल्या, त्यात शरीरातील पाणीही घटलेले असले, तर नलिकेतील पेशी एकदम अडचणीत येते. वजन उतरवणाऱ्या, शक्ती वाढवणाऱ्या, घटकांची नावे न सांगणाऱ्या पुड्यांच्या बाबतीत ब्रुसेल्सची गोष्ट आठवावी.

मिठाचा विचारही आवश्यक आहे. तिथीच्या दिवशी हिरवी भाजी वर्ज्य असते, म्हणून पानात पापड, शेव, लोणचे येते. त्यागाच्या दिवशी मीठ मात्र दुपटीने पोटात जाते. रक्तदाब असलेल्या घरातील गृहिणीने त्या दिवसासाठी मुगाचे, कडधान्याचे कमी मिठाचे पदार्थ योजले तर नियमही पाळला जाईल आणि मूत्रपिंडही.

तपश्चर्येचा प्रश्न अधिक नाजूक आहे. निरोगी माणसाचे मूत्रपिंड एखाद्या दिवसाचा उपवास सहज सोसते. ज्याला मधुमेह आहे, रक्तदाबाची औषधे चालू आहेत किंवा ई-जीएफआर घसरलेला आहे, त्याची गोष्ट वेगळी. चौविहार उपवासात, विशेषतः उन्हाळ्यात, शरीरातील पाणी घटते आणि मूत्रपिंडाचा रक्तप्रवाह मंदावतो. ग्लिफ्लोझिन गटातील औषधे चालू असताना दीर्घ उपवास केला तर साखर फारशी न वाढताही रक्तात धोकादायक आम्ल साठू शकते. म्हणून वर्षीतप, अठ्ठाई किंवा पर्युषणातील उपवासांचा संकल्प मनात असेल तर पच्चक्खाण घेण्यापूर्वी काही आठवडे आधी डॉक्टरांना स्पष्ट सांगावे. कोणते औषध थांबवायचे, कोणते कमी करायचे आणि पारण्यानंतर केव्हा सुरू करायचे, हे ते ठरवतील. औषध परस्पर बंद करणेही घातक आणि परस्पर चालू ठेवणेही घातक. रात्री पाणी घेत नसल्यामुळे रात्रीची गोळी चुकते, असेही पुष्कळ घरांत घडते आणि संकोचाने ते सांगितले जात नाही. सांगितले तर बऱ्याच गोळ्यांची वेळ सूर्यास्तापूर्वी आणता येते.

मूत्रपिंडे पूर्ण निकामी झाल्यावर बहुतेकांना आठवड्यातून दोन-तीन वेळा, दर वेळी सुमारे चार तास डायलिसिसच्या यंत्राला बांधून घ्यावे लागते. दुकान, प्रवास, तीर्थयात्रा, घरातील लग्नकार्ये, सारे त्या वेळापत्रकाभोवती फिरू लागते. त्याच्या दहा वर्षे आधी तीच पेशी आपल्या जागी असते, थोडी ढळलेली, तरीही सावरण्याजोगी. त्या दहा वर्षांत कोणी विचारले की नाही, यावर पुष्कळ काही अवलंबून असते.

दिवाळीला नव्या वह्यांचे पूजन होते आणि जुन्या वर्षाचा हिशेब मिटवला जातो. घरातील चाळिशी ओलांडलेल्या प्रत्येकाचे ई-जीएफआर आणि मूत्रातील अल्ब्युमिन यांचे दोन आकडे त्याच सुमारास तारखेसह लिहून ठेवण्याची रीत घराघरांत पडायला हरकत नाही. दोन-तीन वर्षांचे आकडे शेजारी-शेजारी ठेवले की उतार दिसतो. म्हसरूळच्या पायऱ्यांवर थांबलेल्या गृहस्थाचा दम वयाचा आहे की आणखी कशाचा, याचे उत्तर त्या दोन आकड्यांपासून सुरू होते.